मॉरिशसची शहरं: किनारा सोडून डोंगरावर का गेली?

कडीपत्ता

इथे मॉरिशस म्हणून शोधलं तर धाग्यांची रांग लागते. बहुतेक सगळ्यांत समुद्र, हॉटेल, बोट, पुन्हा समुद्र. तक्रार नाही, समुद्र आहेच तसा. पण नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं तिथे कात्र बोर्नला राहिलो. भाजी आणायची, लाइट बिल भरायचं, पोराला शाळेत सोडायचं, असं रोजचं राहणं. आणि त्या सगळ्या काळात समुद्र दिसायचा तो रविवारी, गाडी काढून मुद्दाम गेलो तर. शेजारपाजारच्यांचंही तेच. बेटावरची माणसं, पण निम्मा संसार समुद्राकडे पाठ करून.

थोडी भूगोलाची उजळणी. मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं. अख्ख्या देशाची वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या नाशिक शहरापेक्षाही कमी. नगरपालिका मोजून पाच: पोर्ट लुई, बो बासां-रोझ हिल, कात्र बोर्न, वाकोआ-फिनिक्स आणि क्युरपिप. यातली फक्त राजधानी पोर्ट लुई समुद्रावर. बाकी चारही प्लेन विलेम्स या एकाच जिल्ह्यात, बंदराकडून बेटाच्या मधल्या पठाराकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर एकापुढे एक. पहिलीपासून शेवटचीपर्यंत वीसेक किलोमीटर. एक कुठे संपली आणि दुसरी कुठे लागली हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही.

आणि एवढ्याशा अंतरात हवा पार बदलते. पोर्ट लुईला दुपारी बंदराजवळ उभं राहवत नाही, शर्ट पाठीला चिकटतो. क्युरपिप साडेपाचशे मीटरवर. तिथे पाऊस राजधानीच्या जवळजवळ तिप्पट. जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, बायका स्वेटर घालून, छत्री काखेत मारून बाजारात येतात आणि सगळ्या घरांच्या भिंतींना हिरवट ओल. माथेरानला पावसाळ्यात गेलेल्यांना अंदाज येईल.

माझं म्हणणं असं की ही पाच शहरं नाहीतच. एकच शहर आहे, लांबट, आणि त्याला पाच महापौर आहेत. ज्यांचा तिकडे संबंध आलाय त्यांनी लिहा. हॉटेलांची शिफारस कृपया दुसऱ्या धाग्यावर.

चहाबिस्कुट

पहिला! बाकी पाच महापौरांना एकच कचरापेटी पुरत असेल तर आपल्याकडे हा प्रयोग करून बघायला हरकत नाही. वाचतोय.

बखरकार

चांगला विषय काढलात. वर चढण्यामागे डास आहे, निदान सुरुवातीला.

पोर्ट लुई हे मूळचं फ्रेंचांचं शहर. डचांनी आधी बेटाच्या आग्नेय टोकाला, आजच्या व्ह्यू ग्रां पोर्टला तळ टाकला होता. १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. फ्रेंचांनी १७१५ मध्ये ताबा घेतला, आणि १७३५ मध्ये आलेला गव्हर्नर माए द ला बुर्दोने याने वायव्येच्या बंदरावर खरं शहर उभं केलं: गोदी, इस्पितळ, पाण्याचा पाट, कोठारं. नाव पंधराव्या लुईचं. मागे डोंगरांची भिंत असल्याने वाऱ्यापासून आडोसा, म्हणून जहाजांना उत्तम. माणसांना मात्र तोच आडोसा नडला. हवा कोंडलेली, उकाडा, आणि डोंगरावरून येणारं पाणी सखल भागात तुंबणार.

१८६६ पासून दोनतीन वर्षं मलेरियाची अशी साथ आली की राजधानीत हजारो माणसं दगावली. त्याआधी १८५४ मध्ये कॉलरा होऊन गेलाच होता. मलेरिया डासामुळे होतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, पण उंचावर गेलं की ताप येत नाही एवढं लोकांनी अनुभवावरून ताडलं. आणि नेमकी तेव्हाच रेल्वे आली होती. उत्तरेची लाइन १८६४, आणि बंदराकडून मधल्या पठारावरून पलीकडे माएबूरपर्यंत जाणारी लाइन १८६५. ज्यांच्या गाठीला पैसा होता त्यांनी बिऱ्हाड क्युरपिपला हलवलं आणि कचेरीला रोज आगगाडीने उतरू लागले. क्युरपिप त्याआधी गाड्याघोडे थांबण्याचं ठिकाण होतं, त्याचं दोन पिढ्यांत शहर झालं.

पुढे २९ एप्रिल १८९२ ला मोठं चक्रीवादळ झालं, पोर्ट लुईचा मोठा भाग जमीनदोस्त, बाराशेच्या आसपास मृत्यू. पुढच्याच वर्षी आग. राहिलेसाहिलेलेही वर गेले.

अवांतर: मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस १९०७-०८ मध्ये मुद्दाम मॉरिशसला आले होते, तिथल्या मलेरियाचा बंदोबस्त कसा करावा हे सांगायला.

घाटमाथा

बखरकार, +१. क्युरपिपची नगरपालिका ज्या इमारतीत आहे ती याच स्थलांतराचं मासलेवाईक उदाहरण. मोका भागात 'ला मालमेझाँ' नावाचा लाकडी बंगला होता. तो सुटा करून क्युरपिपला आणला आणि १९०२ मध्ये पुन्हा उभा केला. माणसं तर गेलीच, घरंही घेऊन गेली.

मी व्यवसायाने वास्तुविशारद, त्यामुळे मला या शहरांच्या गच्च्या दिसतात. जुन्या फोटोंत लाकडी घरं, उतरती छपरं, पुढे व्हरांडा. आज बसमध्ये बसून क्युरपिपकडे चढताना दुतर्फा दिसतात त्या चौकोनी काँक्रीटच्या पेट्या. कारण १९६०. त्या वर्षी जानेवारीत 'अलिक्स' आणि फेब्रुवारीत 'कॅरोल' अशी दोन वादळं लागोपाठ आली. लाकूड आणि पत्र्याची घरं हजारोंनी गेली. त्यानंतर सरकारने वसाहती बांधल्या, त्यांना तिथे 'सिते' म्हणतात, आणि खासगी माणसानेही एकच धडा घेतला: सपाट स्लॅब, जाड भिंती.

त्या स्लॅबच्या कोपऱ्यांतून गंजलेल्या सळया वर आलेल्या असतात, निम्म्या घरांवर. बाहेरच्याला वाटतं काम अर्धवट पडलंय. तसं नाही, तो मुलाचा मजला आहे. मुलाचं लग्न ठरलं की सळयांना जोड देऊन वर कॉलम चढवायचे. तोवर तिथे पाण्याची टाकी आणि वाळत घातलेले कपडे. जमीन एवढीशी, त्यातली बरीचशी ऊसाखाली, मग शहर वरच वाढणार. या गच्च्यांना कुरूप म्हणणारे पर्यटक मला जरा कमी आवडतात.

आडगावचा

लेख आवडला, पण 'निम्मा संसार समुद्राकडे पाठ करून' म्हणताना उरलेला निम्मा सुटला.

पाच नगरपालिका आहेत हे कागदावर बरोबर. बाकी सगळा देश कागदावर खेडं. शंभरावर, साधारण १३० ग्रामपरिषदा आणि त्यांच्यावर जिल्हा परिषदा. त्रियोलेची वस्ती वीस हजारांच्या वर, तरी ते गाव. गुडलँड्स गाव. सेंटर द फ्लाक, जिथे रविवारच्या बाजाराला अख्खा पूर्व किनारा लोटतो, तेही गाव. आणि माएबूर! फ्रेंच गव्हर्नर दकाँ याने १८०५ च्या सुमारास आखलेलं, काटकोनात रस्ते असलेलं, खाडीकाठी चौक असलेलं नगर. रेल्वे येण्याच्या साठ वर्षं आधीचं. ते खेडं आणि वाकोआ शहर, हा न्याय मला कधी कळला नाही.

मी कामानिमित्त उत्तरेकडे होतो. त्रियोले हे रस्त्याच्या कडेने किलोमीटरच्या किलोमीटर लांबत गेलेलं गाव, बसमधून संपता संपत नाही. तिथलं महेश्वरनाथ मंदिर देशातल्या जुन्या आणि मोठ्या देवळांपैकी. घराघरांत भोजपुरीचे शब्द, पुढच्या पिढीच्या तोंडी क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून बनलेली तिथली बोली. ऊसमळ्यांतल्या मजुरांच्या कॅम्पांभोवती जी वस्ती वाढली ती ही. साहेब डोंगरावर गेला, मजूर उसाजवळ राहिला. तुमच्या त्या लांबट शहराचा इतिहास रेल्वेने लिहिला असेल, या गावांचा साखर कारखान्याने लिहिलाय.

कडीपत्ता

आडगावचा, मुद्दा मान्यच आहे, म्हणून तर धागा काढला. माएबूरबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. सोमवारचा बाजार, समोर सिंहाच्या आकाराचा लायन माउंटन, आणि बिस्किट मान्योक. कसाव्याच्या पिठाची ही बिस्किटं तिथे १८७० पासून एकाच कुटुंबाच्या कारखान्यात होतात, तापलेल्या तव्यांवर, हाताने. बायका लांबलचक तव्यांपुढे बसून साच्यात पीठ दाबतात, आणि उलटून दुसऱ्या बाजूने भाजतात. मला ती चवीला सपकच वाटली. आमच्या घरमालकीणबाईंपुढे असं बोलायची सोय नव्हती.

पण 'साहेब वर, मजूर खाली' हे अगदी सरळ चित्र झालं. रोझ हिलला किंवा कात्र बोर्नला आज जे राहतात त्यांत मजुरांचीच नातवंडं-पणतवंडं जास्त आहेत: शिक्षक, कारकून, परिचारिका, दुकानदार. मुलांना चांगल्या कॉलेजात घालायचं म्हणून गाव सोडून वर आलेले. डासाने पहिली खेप आणली, शाळांनी दुसरी.

मोका

मी सध्या तिथेच राहतो म्हणून ताजी खबर.

सकाळी हे लांबट शहर खाली सरकतं आणि संध्याकाळी वर. राजधानीत रात्रीचे राहणारे दीड लाखाच्याही आत, दिवसा मात्र पाय ठेवायला जागा नाही. सहा वाजले की दुकानांची शटरं खाली, चायनाटाऊन आणि कोदां वॉटरफ्रंट सोडलं तर शुकशुकाट. बाहेरून आलेल्याला पहिल्यांदा वाटतं संचारबंदी लागली की काय.

१९५६ मध्ये प्रवासी रेल्वे बंद केली, १९६४ पर्यंत मालगाड्याही गेल्या, रूळ उखडले. मग साठ वर्षं सगळा भार एका मोटारवेवर. आता मेट्रो एक्स्प्रेस आली. नाव मेट्रो असलं तरी आहे ती ट्राम. भारताच्या मदतीतून, आणि बांधली मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने. पोर्ट लुई ते रोझ हिल हा टप्पा ऑक्टोबर २०१९ ला उद्घाटन होऊन २०२० च्या जानेवारीत रोजच्या वाहतुकीला खुला झाला, मग कात्र बोर्न, मग २०२२ मध्ये थेट क्युरपिप. बरीचशी जुन्या रेल्वेच्याच वाटेने. आजोबा ज्या वाटेने कचेरीला उतरायचे त्याच वाटेने आता नात उतरते, फक्त ती मोबाइलमध्ये डोकं घालून.

आणि एबेन विसरलात की काय? रोझ हिल आणि रेद्वी यांच्या मधल्या उसाच्या शेतांवर २००१ नंतर सायबरसिटी उभी केली, त्यातही भारताचा हात होता. काचेच्या इमारती, बँका, कॉल सेंटरं. दुपारी साडेबाराला खाली फुटपाथवर धोल पुरीच्या मोटारसायकली लागतात. मागच्या काचेच्या पेटीत पुऱ्यांची चवड. विकणारा एका हाताने दोन पुऱ्या एकावर एक टाकतो, दुसऱ्या हाताने घेवड्याची उसळ, टोमॅटोचा रुगाय, कोथिंबिरीची चटणी, मिरचीचं विचारतो, गुंडाळतो, कागदात. टाय लावलेले सायबरवाले उभ्याने खातात.

चहाबिस्कुट

आता बोला. या धोल पुरीचं सविस्तर वर्णन करा, बाकी इतिहास नंतर.

मोका

@चहाबिस्कुट: चण्याची डाळ शिजवून, वाटून, हळद-जिरं घालून सारण करतात आणि पातळ लाटतात. गूळ न घातलेली पुरणपोळीच म्हणा. नेहमी जोडीनेच देतात, एकटी मागितलीत तर माणूस तुमच्याकडे बघतो.

रत्नांग्रीकर

धागा वर काढतोय. आमच्या घराण्यातले एक जण 'मोरिशेला गेले ते गेले' असं आजी सांगायची. त्याहून जास्त कुणालाच माहीत नाही. तिथे मराठी माणसं नक्की कुठल्या शहरात आहेत? आणि असा शोध घेता येतो का?

बखरकार

@रत्नांग्रीकर: येतो. १८३४ ते १९२० या काळात साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, भारतातून तिथे गेले. बहुसंख्य कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून. मुंबईतून जहाजं गेली ती त्यामानाने कमी, आणि त्यांत रत्नागिरी, सातारा, कुलाबा या भागांतले लोक होते. उतरल्यावर पोर्ट लुईच्या डेपोत नोंद व्हायची: नाव, बापाचं नाव, गाव, जात, वय, उंची, अंगावरच्या खुणा. प्रत्येकाला एक क्रमांक. हे रजिस्टर आजही मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरखान्यात आहे, साठच्या दशकानंतरचे मजुरांचे फोटोही आहेत (एकोणिसाव्या शतकातले हो). तो डेपो म्हणजेच आजचा आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा. बराचसा रस्त्याखाली आणि बसस्थानकाखाली गेला, उरल्या त्या काही खोल्या आणि त्या दगडी पायऱ्या.

अडचण नावाची येते. मजुराचं पहिलं नाव हेच पुढे कुटुंबाचं आडनाव झालं. म्हणजे बाबाजी नावाचा माणूस उतरला तर त्याचे वंशज आज बाबाजी आडनावाने फिरतात. आपल्याकडचं घराण्याचं आडनाव तिथे शोधून काही हाती लागत नाही. गाव, बापाचं नाव आणि अंदाजे वर्ष घेऊन जा.

मोका

भर घालतो. मराठी वस्ती मुख्यतः पश्चिमेकडे ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आणि वाकोआच्या आसपास. कास्काव्हेलला तर मराठी मंडळींचा चांगला जम आहे. घरात बोलतात क्रेओलच, पण शाळेत मराठी हा विषय घेता येतो आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. गणपतीत झाकरी होते, पायात घुंगरू, मध्ये ढोलकी, गोल फेर. तुमच्या रत्नागिरीकडच्या जाखडीवाल्यांनी बघितली तर लगेच फेरात घुसतील.

रत्नांग्रीकर

हे वाचून अंगावर काटा आला. बापाचं नाव घरात कुणाला ठाऊक आहे का ते बघतो. वह्या आहेत काकांकडे. दोघांचे आभार.

घाटमाथा

'स्मार्ट सिटी'बद्दल कुणीच बोलेना. २०१५ पासून सरकारने योजना आणली, आणि आता मोका भागात, किनाऱ्याकडे, जिथे तिथे उसाच्या शेतांतून नवी नगरं उगवतायत. जमिनी जुन्या साखर कंपन्यांच्या, बांधणाऱ्याही पुष्कळ ठिकाणी त्यांच्याच. क्युरपिप-रोझ हिलच्या मुख्य रस्त्यावरची जुनी दुकानं एकेक करून गळतायत, कारण २०११ मध्ये बागातेलचा मॉल झाल्यापासून शनिवारी लोक तिकडे गाडी लावतात. मला काळजी वाटते ती याची. वादळाने आणि तापाने जी हलवाहलव झाली ती तरी नाइलाजाची होती.

आडगावचा

@घाटमाथा: सहमत आणि असहमत. क्युरपिपच्या त्या जुन्या मार्केटवर नळकांड्यांसारखे काँक्रीटचे धुरांडे काढलेत ते बघून मॉलच बरा असं मलाही वाटलं होतं. कृपया हलके घ्या.

पण पाण्याचं गंभीरपणे घ्या. ३० मार्च २०१३ ला पोर्ट लुईत दुपारी पाऊस कोसळला आणि ११ माणसं गेली, त्यातली काही कोदांजवळच्या भुयारी मार्गात. जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' वादळात पुन्हा राजधानीच्या रस्त्यांवर गाड्या तरंगल्या. वरच्या उतारांवर जेवढं काँक्रीट ओताल तेवढं पाणी खाली जाणारच. कडीपत्ता यांचं लांबट शहर एकच आहे हे यातून मात्र पक्कं सिद्ध होतं, वरच्यांचं पाणी खालच्यांच्या घरात.

प्रवासी_पक्षी

छान चर्चा. आईबाबांना घेऊन डिसेंबरात जातोय, हॉटेल उत्तरेला ग्रां बेला आहे. बाबांना समुद्राचा कंटाळा लवकर येणार याची खात्री आहे. ही शहरं बघायची तर कसं जमवू? मागच्या वेळी एका टॅक्सीवाल्याने मित्राला 'शहर दाखवतो' म्हणून तीन दुकानांत फिरवलं होतं, ते नको.

कडीपत्ता

@प्रवासी_पक्षी: टॅक्सी घेऊच नका. ग्रां बेहून पोर्ट लुईची बस मिळते, ती इमिग्रेशन स्क्वेअरला सोडते, आणि आप्रवासी घाट तिथून चालत दोन मिनिटांवर. सकाळी लवकर जा, आधी घाट, मग सेंट्रल मार्केट. तिथे आलूदा प्या (फालुद्याचा भाऊ) आणि काढ्याच्या औषधी पाल्यांच्या दुकानदाराशी बाबांना बोलू द्या, तो प्रत्येक दुखण्यावर काहीतरी देतो. वेळ असला तर ब्लू पेनी म्युझियम. १८४७ ची दोन प्रसिद्ध टपाल तिकिटं तिथे आहेत, पण खऱ्या तिकिटांवरचा दिवा ठरावीक वेळीच लावतात, ती वेळ प्रवेशाच्या खिडकीवर विचारून मगच आत जा.

ऊन चढलं की ट्राम धरून वर. कात्र बोर्नला उतरायचं तर गुरुवार किंवा रविवार बघा, त्या दिवशी कपड्यांचा बाजार. आईंना तिथून हलवणं अवघड जाईल. मग त्याच ट्रामने क्युरपिप. त्रू ओ सेर्फ म्हणजे थंड झालेल्या ज्वालामुखीचं तोंड, वरून सगळा पठारी भाग दिसतो. ढग नसले तर. क्युरपिपच्या वनस्पती उद्यानात एक ताडाच्या जातीचं झाड आहे, त्या जातीचं जगात तेवढं एकच उरलंय, भोवती मचाण बांधलंय. डिसेंबर असला तरी छत्री घ्या. गुरुवारी दुपारनंतर क्युरपिप-रोझ हिलची दुकानं बंद ठेवायची जुनी पद्धत आहे, तेव्हा गुरुवारचा बाजार करायचा असेल तर क्रम उलटा करा, सकाळी आधी वर जाऊन या.

प्रवासी_पक्षी

सेव्ह केलं. माएबूर सोमवारी जमवतो, विमानतळाजवळच दिसतंय नकाशात. बिस्किटं आणू का?

कडीपत्ता

आणा. चहात बुडवून खा, कोरडी नको. नारळाची घ्या, साधी नको.

चहाबिस्कुट

हा धागा माझ्या नावाने काढायला हवा होता.